आप्पांच्या डोक्यातलं काढून कसं घ्यायचं?

पत्राचा गोषवारा: जळगावच्या एमआयडीसीत वडिलांची डाळ मिल. पत्रलेखिका तिशीतल्या, पुण्यात एमबीए, मग तिथेच सात वर्षं नोकरी. दीड वर्षापूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि मिल यांच्या गळ्यात पडली. मिल खऱ्या अर्थानं चालते ती आप्पांवर. वय त्रेसष्ट, पस्तीस वर्षं मिस्तरी, गाव पारोळा तालुक्यात. येत्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, आपण घरी बसणार, असं त्यांनी सांगून टाकलं आहे. त्यांच्याबरोबर सगळंच जाईल या धास्तीनं लेखिकेनं एका सल्लागाराच्या सांगण्यावरून ‘ज्ञान व्यवस्थापना’चं सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक पाळीनंतर कामगारांनी नोंद करायची, दर नोंदीला दहा रुपये. चार महिन्यांत सहाशेच्या वर नोंदी झाल्या, बहुतेक ‘मशीन ठीक’ आणि ‘माल बरा’ अशा. आप्पांची एकही नाही. त्यांच्यासमोर मोबाइल धरून रेकॉर्डिंग करायला गेल्या, तर ते म्हणाले, ‘ताई, हाई लिखीसन समजत नही. हात लावना पडस.’ तेव्हापासून ते कामापुरतंच बोलतात. बंगळुरूतला भाऊ म्हणतो, हे मोठ्या कंपन्यांचं जुनं फॅड आहे, सोड. हवं तर एआयवर टाक. सल्लागार म्हणतो, तुमच्या लोकांची मानसिकताच नाही. लेखिकेचा प्रश्न: ‘हे खरंच खूळ आहे का? नसेल, तर आप्पांच्या डोक्यातलं काढून कसं घ्यायचं?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आप्पांसाठी, दुसऱ्यांदा एका क्रियापदासाठी. ‘काढून घेणं’ हे तुम्ही दोन पानांत पाच वेळा लिहिलंय. घाण्यातून तेल काढावं, विहिरीतून गाळ काढावा, तसं. मला वाटतं तुमची निम्मी अडचण त्या शब्दातच आहे.

तो शब्द तुमचा नाही, हे आधी सांगते. तो शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर होता. त्यानं १९११ साली अगदी उघडपणे मांडलं की कामगारांकडे परंपरेनं आलेली जी माहिती आहे ती सगळी व्यवस्थापनानं गोळा करावी, तिचे नियम आणि सूत्रं करावीत आणि मग त्या सूत्रांप्रमाणे कामगारांकडून काम करून घ्यावं. ‘ज्ञान व्यवस्थापन’ हे नाव तेव्हा जन्मायचं होतं, पण बी तेच. त्यातून उत्पादन वाढलं, हे खरं. आणि कामगार एक गोष्ट शिकला, हेही खरं: आपली युक्ती साहेबाला सांगितली की ती आपली राहत नाही, आणि कधी कधी आपणही राहत नाही. आप्पांनी टेलरचं नाव ऐकलेलं नसणार. पण पस्तीस वर्षं कारखान्याच्या फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. तोंडासमोर मोबाइल आला की त्याला ते आपोआप आठवतं.

तेव्हा ‘मानसिकता’ वगैरे सल्लागाराच्या बोलण्यावर जाऊ नका. आप्पा अडाणीपणानं गप्प नाहीत, शहाणपणानं गप्प आहेत.

आता भावाचा मुद्दा. खूळ आहे का? या विचाराचा प्रवास सरळ नाही, आपल्या तापीसारखा वळणं घेत गेलाय, आणि तुम्ही नेमक्या जुन्या वळणावर उभ्या आहात.

१९६६ मध्ये मायकेल पोलान्यी या विचारवंतानं एक साधी गोष्ट मांडली: आपल्याला जेवढं कळतं, तेवढं सगळं आपल्याला सांगता येत नाही. ओळखीचा चेहरा हजारात ओळखतो, पण कशावरून ओळखला ते सांगता येत नाही. आप्पांचं वाक्य पुन्हा वाचा. पारोळ्याच्या मिस्तरीनं तुम्हाला पोलान्यी अहिराणीतून ऐकवलाय.

पण उद्योगांनी हे लगेच मनावर घेतलं नाही. १९८० च्या दशकात कॉम्प्युटर सगळीकडे पसरले आणि सगळ्यांना वाटलं, आता जाणत्या माणसाचं डोकं यंत्रात उतरवता येईल. अमेरिकेतल्या कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीत तर हुबेहूब तुमचीच अडचण होती. डबाबंद सूप निर्जंतुक करणारी त्यांची भली उंच यंत्रं बिघडली की एकच माणूस धावून जायचा. चाळीसहून अधिक वर्षांचा अनुभव, आणि निवृत्ती जवळ आलेली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या इंजिनिअरांनी त्याच्याशी महिनोन्‌महिने बोलून दीडशेच्या आसपास नियम तयार केले: असं दिसलं तर हे तपासा, ते ठीक असेल तर ते उघडा. कारखान्यातल्या लोकांना नेहमीचे बिघाड त्यावरून सोडवता येऊ लागले. म्हणजे काढून घेणं अगदीच अशक्य आहे असंही नाही. मात्र उतरलं ते ‘असं असेल तर तसं कर’ या साच्यात बसणारं.

तुमच्या मिलमध्येही या साच्यातलं बरंच काही असणार. रोलवरचं एमरी, म्हणजे टरफल घासून काढणारा खरखरीत थर, कधी बदललं, कुठल्या मालाला कोणती चाळणी, तेलाचं प्रमाण, बेअरिंगचा नंबर, मोटार जळाली की रात्री अकराला कोण वायरमन फोन उचलतो. हे सगळं लिहिता येतं आणि लिहून ठेवलंच पाहिजे. त्याला आप्पाही नाही म्हणणार नाहीत. एक जाड वही पुरते.

पण तुम्ही पत्रात श्रावणातली जी गोष्ट लिहिली आहे, ती या साच्यात बसत नाही. लेमन तुरीचा, म्हणजे म्यानमारहून येणाऱ्या तुरीचा, लॉट आला होता. आप्पांनी मूठभर तूर घेतली, एक दाणा दाताखाली धरला, मग पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाले, आज तेल लावू नका, पसरून राहू द्या एक दिवस. तुम्हाला गाडी भरायची घाई होती. आर्द्रतामापकाचा आकडा तुम्हाला चालण्यासारखा वाटला. तुम्ही काम लावलं, आणि गोट्यावर, म्हणजे अख्ख्या दाण्यावर, टरफल चिकटून राहिलं. पुन्हा रोलवर घेतलं, तर चुनी, म्हणजे तुकडे आणि भुगा, वाढली आणि डाळीचा उतारा पडला. आकडा खोटा नव्हता. टरफल आणि डाळीच्या मधला चिकट थर सुटायला वेळ लागतो, आणि त्या दिवशीच्या दमट हवेत, त्या मालाला तो किती लागेल हे आप्पांच्या दाताला कळलं. त्यांना विचारलं असतं ‘कशावरून?’, तर ते म्हणाले असते, ‘दाणा बोलत नव्हता.’ किंवा असंच काहीतरी. सॉफ्टवेअरच्या रकान्यात हे कुठे भरायचं?

याचं उत्तर शोधताना जपानात जे झालं ते मला फार आवडतं. १९८५ च्या सुमारास मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवायचं यंत्र करत होती. पाव काही जमेना. बाहेरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. यंत्रानं मळलेल्या आणि उस्तादानं मळलेल्या कणकेचे एक्स-रे काढून पाहिले, तरी काही उमगेना. शेवटी सॉफ्टवेअरचं काम करणारी एक बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. मुलाखत घ्यायला नव्हे, पीठ मळायला. बऱ्याच दिवसांनी तिच्या लक्षात आलं की तो कणीक ओढता ओढता तिला एक पीळ देतो. त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. तो असं करतो हे त्यालाही कदाचित ठाऊक नसावं. मग यंत्राच्या भांड्यात आतून उभ्या कडा बसवल्या आणि तो पीळ जमला. इकुजिरो नोनाका या प्राध्यापकांनी १९९१ मध्ये ही गोष्ट जगापुढे आणली आणि ज्ञान व्यवस्थापनाची लाट खरी उसळली ती त्यानंतर.

तुम्हाला मात्र ओसाकाला जायची गरज नाही. आपल्याकडे खापरावरचे मांडे कोण कसं शिकलं? माझ्या मावशीनं मला तीन आखाज्या नुसतं शेजारी बसवलं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत आला की तो फाटायच्या आत खापरावर जायला हवा. कधी? ‘आता,’ असं ती म्हणायची, आणि तोवर तो माझ्या हातावर फाटलेला असायचा. चौथ्या वर्षी तिनं ‘आता’ म्हणायच्या आधी माझा हात उलटला. ती काही बोलली नाही, फक्त पुढचा उंडा माझ्याकडे सरकवला.

नव्वदच्या दशकातली गंमत अशी की नोनाकांची गोष्ट सगळ्यांनी वाचली आणि तरी बहुतेकांनी काय केलं? सॉफ्टवेअर घेतलं! स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीनं तर ‘बौद्धिक भांडवला’चा स्वतंत्र अधिकारी नेमला. मोठमोठ्या सल्लागार कंपन्यांनी ज्ञानाची कोठारं बांधली. मी त्याच काळात एका सूतगिरणीच्या कचेरीत होते. तिथेही एक जाडजूड कार्यपुस्तिका तयार झाली, रंगीत मुखपृष्ठासकट. ती कपाटात बंद असे आणि किल्ली साहेबांकडे. स्पिनिंगमधली पोरं अडली की रात्रपाळीच्या जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे, जात. तीन वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा पुस्तिकेला वाळवी लागलेली होती. वाचली कुणी नसेल, खाल्ली मात्र पूर्ण.

आणि तुमचे दहा रुपये. ताई, ही चूक तुमच्याआधी इन्फोसिसनं करून पाहिली आहे. २००० च्या सुमारास त्यांनी अंतर्गत ज्ञानसाठ्यात लेख देणाऱ्यांना गुण द्यायला सुरुवात केली, आणि गुणांच्या बदल्यात पैसे किंवा वस्तू मिळत. लेखांचा पूर आला. पण दर्जा घसरला, आणि कामाचं शोधायला बसलं की गाळच हाती येऊ लागला. शेवटी त्यांना गुण आणि पैसे यांची फारकत करावी लागली. एवढ्या शिकलेल्या इंजिनिअरांनी जे केलं तेच तुमच्या पोरांनी केलं. दहा रुपयांत ‘मशीन ठीक’ मिळतं, आणि ते रास्तच आहे.

याच्या उलट झेरॉक्सचं. त्यांचे दुरुस्तीवाले तंत्रज्ञ कंपनीच्या पुस्तिकेबाहेरचे बिघाड कसे सोडवतात, हे बघायला कंपनीनं एक मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर हिंडवला. त्याला दिसलं की ही मंडळी चहा-जेवणाच्या वेळी एकमेकांना किस्से सांगतात, ‘परवा काय झालं माहितीये का...’ आणि त्या किश्शांत सगळी विद्या आहे. पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी युक्त्या साठवायची एक व्यवस्था केली. तिची रीत साधी होती: युक्ती तंत्रज्ञानं द्यायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासायची आणि देणाऱ्याचं नाव तिच्यापुढे राहायचं. ती चालली. नावाची भूक पैशाच्या भुकेहून वेगळी असते, आणि आप्पांच्या वयात तर जास्तच.

म्हणून भावाला सांगा, खूळ गेलं पण प्रश्न राहिला. ‘ज्ञान व्यवस्थापन’ या नावाची टिंगल २००० नंतर विद्यापीठांतूनही झाली आणि ती काही अंशी योग्यच होती. तरीही आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेला लागणारं ज्ञान टिकवण्याबद्दल एक वेगळं कलम आलंच. उद्या तुम्ही ते प्रमाणपत्र घ्यायला गेलात तर ऑडिटर विचारेल. त्या कलमात सॉफ्टवेअर घ्या असं कुठेही म्हटलेलं नाही, हेही त्या सल्लागाराला जमलं तर दाखवा. आणि एआयचं म्हणाल, तर सहाशे नोंदींत ‘मशीन ठीक’ असेल तर तोही अत्यंत नम्रपणे ‘मशीन ठीक’ असंच सांगेल.

आता काय करायचं ते.

दहा रुपये आजच बंद करा. सांगून, पोरांना दोष न देता. सॉफ्टवेअर विकलं जाणार नाही, राहू द्या. त्यात फक्त तारखा आणि नंबर जाऊ द्या.

मग आप्पांकडे जा. वही-मोबाइल काहीही न घेता, आणि कचेरीत न बोलावता. श्रावणात तुमचं ऐकलं नाही, चूक झाली, एवढं म्हणा. तुमच्या पत्रात नुकसानीचा हिशोब आहे, पण हे वाक्य तुम्ही त्यांना बोललात असं कुठे दिसलं नाही. ते बोलल्याशिवाय पुढचं काही होणार नाही असं मला वाटतं.

त्यानंतर त्यांना विचारा, तुमच्या हाताखाली कोण हवं? तुम्ही निवडू नका. पत्रात एका मुलाचा ओझरता उल्लेख आहे, आप्पांचा डबा आणणारा, ज्याला तुम्ही ‘फारसा हुशार नाही’ म्हटलंय. आप्पा बहुधा त्याचंच नाव घेतील. घेतलं तर हरकत घेऊ नका. डबा आणणारं पोर दोन वर्षं रोज त्यांच्या शेजारी बसून जेवतंय. तुमच्या सॉफ्टवेअरपेक्षा त्याच्याकडे जास्त नोंदी असतील. त्याला हमालीतून काढून पूर्णवेळ आप्पांच्या मागे लावा आणि त्याचा पगार कमी होणार नाही असं दोघांसमोर सांगा. आप्पांनाही शिकवण्याचे वेगळे पैसे द्या, दरमहा, ठरवून. नोंदीमागे दहा रुपये आणि उस्तादाचा मान म्हणून दिलेले पैसे यांत फरक आहे, आणि तो फरक आप्पांना कळतो.

प्रश्न विचारायचीही एक रीत असते. ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारलं की माणूस पुस्तकी उत्तर देतो किंवा गप्प बसतो. त्याऐवजी दोन परातींत दोन लॉटची तूर समोर ठेवा, एक गावरान, एक बाहेरची, आणि विचारा, आधी कुठली घ्याल? का ते विचारू नका. त्यांना निवडू द्या, मग त्या पोराला निवडू द्या. दोघांचं जुळलं नाही की आप्पा आपणहून बोलतील, कारण चूक बघून गप्प बसणं कुठल्याच मिस्तरीला जमत नाही. दुसरा प्रश्न ‘सगळ्यात वाईट फसलेला लॉट कुठला?’ फसलेल्या गोष्टी माणूस खुलून सांगतो, विशेषतः त्या दुसऱ्याच्या चुकीनं फसल्या असतील तर.

अमेरिकी लष्करात मोहीम किंवा सराव झाला की सगळे एकत्र बसून बोलतात: काय ठरलं होतं, काय झालं, असं का झालं, पुढच्या वेळी काय करू. हुद्दा बाजूला ठेवून. लॉट संपल्यावर चहाच्या वेळी दहा मिनिटं हे करून बघा. लिहून घ्यायचं काम तुम्ही करा, वहीत, आणि जो बोलला त्याचं नाव समासात. शेवटी बोला, मालकीण आधी बोलली की बाकीच्यांचं बोलणं तिथेच संपतं.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. आखाजी येते वैशाखात. नवी तूर येते हिवाळ्यात. म्हणजे आतापासून आखाजीपर्यंत त्या पोराला आप्पांबरोबर सगळा कोरडाच मोसम मिळणार. ज्या दमट हवेनं तुमचा श्रावणातला लॉट घालवला, ती हवा आप्पा गावी गेल्यानंतर येणार आहे. सालदाराचं साल आखाजीला संपतं, तसा आप्पांनी मनाशी हिशोब केला असेल, तो मोडू नका. पण पावसाळ्यात महिन्याला चार-पाच दिवस याल का, जाण्या-येण्याची गाडी आणि रोजचा मेहनताना ठरवून, असं आत्ताच विचारा. त्या दिवसांत त्यांनी मशीनला हात लावायचा नाही. खुर्चीवर बसायचं आणि पोराकडे बघायचं.

आणि काही गोष्टी जाऊ द्या. जुन्या रोलचा आवाज ऐकून आप्पा जे ओळखतात ते त्या रोलपुरतंच आहे. दोन वर्षांत तुम्ही तो रोल बदलाल तेव्हा ते ज्ञानही जुनं होईल. त्या पोराचे कान नव्या रोलवर तयार होतील, आणि त्याच्या काही रीती आप्पांना आवडणार नाहीत. सगळं जपायला गेलं की काय वापरायचं तेच सापडत नाही.

शेवटचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही. तुमच्या दोन पानांत आप्पा बावीस वेळा आले आहेत आणि वडील दोनदा, दोन्ही वेळा आजारपणापुरते. मिस्तरी मिल चालवतो, पण माल घेतो कोण? कुठल्या आडत्याचा शब्द चालतो, कुणाचा वरचा थर चांगला आणि तळाचं पोतं वेगळं असतं, कुणाला उधारी दिली तर दिवाळीला परत येते, हे तुमच्या वडिलांकडे, अण्णांकडे आहे, आणि त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही. झटक्यानंतर त्यांना बोलायला वेळ लागतो, असं तुम्ही लिहिलंय. मग वेळ द्या. त्यांची जुनी खतावणी काढा आणि सकाळी चहानंतर त्यांच्यापुढे एकच पान उघडून एका नावावर बोट ठेवा. बोलतील, मान हलवतील किंवा नुसते हसतील. त्या हसण्याचा अर्थ तुमच्या आईला कळत असेल. तिलाही शेजारी बसवा. मोबाइल मात्र मिलमध्येच ठेवून या.